अपाची ट्राउट: एका माशासाठी किती खिशांतून पैसे आले

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या इंटिरिअर खात्याच्या, म्हणजे सरकारी जमीन आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्याच्या, तेव्हाच्या मंत्री डेब हालँड यांनी जाहीर केलं की अपाची ट्राउट हा मासा आता धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर काढतोय. आपल्याकडे या बातमीचं कुणाला काही पडलेलं असण्याचं कारण नाही, ॲरिझोनातल्या डोंगरातला एक वीतभर मासा, त्याचं काय एवढं. पण हौसेने गरवल्या जाणाऱ्या माशांमध्ये सावरला म्हणून यादीतून निघालेला हा पहिलाच. बाकीचे यादीतून निघतात ते बऱ्याचदा नामशेष झाले म्हणून, किंवा मुळात ती वेगळी प्रजातीच नव्हती असं नंतर कळतं म्हणून.

मला यात माशापेक्षा पैशाची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटली. सरकारी अनुदानावर निसर्गाचं काम करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन वर्षांचा प्रोजेक्ट, मार्च एंडची धावपळ, वापर प्रमाणपत्र आणि मग पुढच्या टप्प्याला मंजुरी नाही, हेच येतं. इथे काम चाललं पन्नास वर्षांच्या वर. मग एवढा काळ पैसा कुणी पुरवला, कसा पुरवला, आणि कुणाला दिला नाही, हे बघण्यासारखं आहे. "दिला नाही" हा भाग जास्तच.

आधी मासा. पूर्व ॲरिझोनात व्हाइट माउंटन्स म्हणून डोंगररांग आहे, तिथे माउंट बाल्डी हे साडेअकरा हजार फुटांच्या आसपासचं शिखर, तिथल्या मूळ आदिवासींसाठी, व्हाइट माउंटन अपाची लोकांसाठी, पवित्र. तिथून व्हाइट, ब्लॅक आणि लिटल कोलोरॅडो या नद्यांचे उगमाकडचे ओढे निघतात, थंडगार पाणी, आणि या ओढ्यांतच हा मासा, जगात दुसरीकडे मूळचा कुठेच नाही. रंग पिवळा सोनेरी, अंगावर काळे ठिपके, डोळ्याच्या बाहुलीच्या दोन्ही बाजूंना काळा डाग, त्यामुळे डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखा दिसतो. एके काळी सहाशे मैलांहून जास्त लांबीच्या ओढ्यांत असायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उरले जेमतेम ३० मैल.

कारणं तीच नेहमीची, झाडतोड, गुरं चारणं, काठ उघडे पडणं, पाणी तापणं. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे दुसरे ट्राउट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अमेरिकेत सरकारी हॅचऱ्यांनी, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रांनी, रेनबो ट्राउट, ब्राउन ट्राउट, ब्रूक ट्राउट यांची बोटुकली कुठे कुठे नेऊन सोडली, लोकांना गरवायला मासा मिळावा म्हणून. ब्राउन आणि ब्रूक आपल्या माशाला खातात किंवा जागेवरून हुसकावतात. रेनबो त्याच्याशी संकर करतो, आणि ते जास्त वाईट, कारण ओढ्यात मासे तर भरपूर दिसतात पण शुद्ध अपाची एकही नसतो. वरून बघणाऱ्याला काही कळतच नाही.

म्हणजे एका सरकारी खात्याने हौशी लोकांसाठी जे सोडलं त्यानेच हा मासा संपत आला, आणि पुढे त्याच हौशी लोकांच्या पैशातून तो वाचवायला बऱ्याच अंशी मदत झाली. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आता पैसा. अमेरिकेत १९३७ साली एक कायदा झाला, नेवाडाचे सिनेटर पिटमन आणि व्हर्जिनियाचे रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखला जातो. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर, आणि तो कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यायचा. महामंदीचा काळ, जंगली टर्की, हरणं, बदकं सगळ्यांचीच वाट लागलेली. हे चाललं चांगलं, म्हणून १९५० साली माशांसाठी तसाच कायदा केला, मिशिगनचे डिंगेल आणि कोलोरॅडोचे जॉन्सन. गळ, रॉड, रीळ यांवर १० टक्के. मग १९८४ साली वॉलप आणि ब्रो यांनी त्यात मोटारबोटींच्या पेट्रोलवरचा कर आणि बाहेरून येणाऱ्या बोटी नि सामानावरची जकात जोडली, आणि माशांचा गल्ला एकदम मोठा झाला. हल्ली दोन्ही कायद्यांचे मिळून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर राज्यांना जातात.

गंमत म्हणजे हा कर गिऱ्हाइकाला बिलावर दिसतच नाही. तो कंपनीकडून किंवा आयात करणाऱ्याकडून घेतात, दुकानात तो किमतीत मिसळलेला असतो. गरवणाऱ्या कित्येकांना माहीतही नसतं की आपण प्रत्येक रॉडमागे हॅचरीला पैसे दिलेत. आणि ज्या कंपन्या हा कर भरतात त्यांनीच सुरुवातीपासून त्याला पाठिंबा दिला, कारण मासा नाही तर रॉड कोण घेणार. साधा हिशोब.

वाटप कसं होतं तर माशांच्या पैशात ४० टक्के राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के पैसे भरून लायसन्स काढणाऱ्यांच्या संख्येवर. कुठल्याही राज्याला १ टक्क्याहून कमी नाही आणि ५ टक्क्यांहून जास्त नाही. टेक्सस आणि अलास्का कायम वरच्या मर्यादेला टेकलेले असतात, एकाकडे माणसं जास्त, दुसऱ्याकडे जमीन. मंत्र्याला वाटलं म्हणून अमुक राज्याला जास्त असं करता येत नाही, फॉर्म्युला म्हणजे फॉर्म्युला. खर्चाचे ७५ टक्के केंद्र देतं, २५ टक्के राज्याने घालायचे, आणि राज्याने आधी खर्च करायचा, मग बिलं दाखवून पैसे परत घ्यायचे. तो २५ टक्क्यांचा वाटा बहुतेक लायसन्स फीमधून येतो. शिवाय व्हॉलंटियर लोकांनी केलेल्या कामाचे तासही त्यात धरता येतात, आपल्याकडे पाणलोटाच्या कामात श्रमदान हा लोकवाटा म्हणून धरतात ना, तसंच.

आणि एक अट आहे जी मला या सगळ्यात सगळ्यात हुशारीची वाटते. राज्याने लायसन्स फीचे पैसे वन्यजीव खात्याबाहेर वळवले, म्हणजे रस्त्याला वापरले किंवा बजेटचं भोक बुजवायला वापरले, तर केंद्राचं अनुदान बंद. त्यामुळे राज्यातल्या एखाद्या अर्थमंत्र्याची नजर त्या पैशावर गेली तरी त्याला दहा लाख उचलायचे तर त्याच्या कितीतरी पट गमवावे लागतात, आणि तो गप्प बसतो. आपल्याकडे किती राखीव निधींचं काय काय झालं ते आठवून बघा.

पैसे दोन वर्षांत वापरले नाहीत तर परत जातात. पण पुढच्या वर्षी पुन्हा येणारच हे माहीत असतं, हा मुद्दा. माशांच्या निधीची मुदत दर काही वर्षांनी रस्ते-वाहतुकीच्या मोठ्या बिलासोबत वाढवून घेतात, तेवढाच काय तो राजकारणाशी संबंध. बाकी संसदेत दरवर्षी भीक मागावी लागत नाही. मासा वाचवणारा बायोलॉजिस्ट तिशीत नोकरीला लागतो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच ओढ्यावर काम करतो, हे फक्त अशा पैशावरच शक्य आहे.

आता यातली गोची. या मूळ कायद्यांत पैसा कुणाला मिळतो तर राज्यांना, आणि पुढे जोडलेल्या काही प्रदेशांना. आदिवासी राष्ट्रांना, म्हणजे स्वतःचं सरकार असलेल्या मूळ अमेरिकन जमातींना, नाही. आणि अपाची ट्राउटच्या उरलेल्या ओढ्यांचा मोठा भाग आहे कुठे? फोर्ट अपाची राखीव क्षेत्रात, म्हणजे व्हाइट माउंटन अपाची लोकांच्या सोळा लाख एकरांहून जास्त जमिनीवर.

बरं, या लोकांनी मासा वाचवायला कधी सुरुवात केली? १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या दशकात त्यांनी आपल्या हद्दीतले शुद्ध मासा असलेले ओढे गरवण्यासाठी बंद केले. तेव्हा ना धोक्यातल्या प्रजातींचा कायदा होता, ना या माशाला शास्त्रीय नाव होतं. खरंच नव्हतं, १९६७ साली केंद्राने पहिली यादी काढली त्यात हा मासा होता पण नुसता "ॲरिझोना किंवा अपाची ट्राउट" म्हणून, वेगळी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन रॉबर्ट रश मिलर यांनी प्रसिद्ध केलं ते १९७२ साली. म्हणजे शास्त्रज्ञ नाव ठेवायच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी कुंपण घातलं होतं. आणि हे करणारे काही भोळेभाबडे, पर्यटनापासून दूर राहिलेले लोक नव्हते बरं का, त्याच काळात ते स्वतः तलाव बांधून बाहेरच्या गरवणाऱ्यांना परमिट विकून धंदा उभा करत होते, हॉली लेकसाठी तर राज्याशी आणि खालच्या पाणीवाल्यांशी चांगलंच वाजलं. म्हणजे तलाव धंद्याला आणि वरचे ओढे माशाला, अशी वाटणी त्यांनी स्वतःच्या अकलेने केली.

आता फॉर्म्युला परत बघा. ४० टक्के क्षेत्रफळावर, आणि त्यात राखीव क्षेत्राची जमीन राज्याच्या क्षेत्रफळातच मोजली जाते. अपाची माणूस दुकानातून रॉड घेतो तेव्हा १० टक्के कर त्याच्याही किमतीत असतो, बोटीत पेट्रोल टाकतो त्यावरही. पण पैसा जातो ॲरिझोना राज्याच्या खात्याला. राखीव क्षेत्रात गरवायला राज्याचं लायसन्स चालत नाही, तिथे आदिवासी सरकारचं परमिट लागतं, आणि १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या मेस्कालेरो अपाचींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तिथे बाहेरून येणाऱ्यांच्या शिकारीवर आणि मासेमारीवर राज्य आपले नियम लावू शकत नाही. हक्क पूर्ण मिळाला. पण ती परमिटं ६० टक्क्यांच्या मोजणीत येत नाहीत. जमीन मोजायची, कर घ्यायचा, आणि वाटपाच्या वेळी तुम्ही राज्य नाही. १९५० साली हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल असं मानू, पण त्यानंतर कायदा कितीदा तरी बदलला, बोटीच्या धक्क्यांसाठी १५ टक्के राखून ठेवायचं सुचलं, हे सुचलं नाही.

मग काम झालं कसं? तर वेगवेगळ्या खिशांतून. हे मी थोडं सविस्तर सांगतो कारण सहकार्याने प्रकल्प राबवला असं रिपोर्टात एका ओळीत लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या आत काय असतं ते कुणी सांगत नाही.

ॲरिझोनाच्या खात्याकडे लायसन्स फी आणि रॉडवरच्या कराचे पैसे होते, ते राखीव क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे मुख्यतः अपाची-सिटग्रीव्हज राष्ट्रीय जंगलातल्या ओढ्यांवर लागले. शिवाय ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९० साली थेट मतदान करून लॉटरीच्या उत्पन्नातून वन्यजीव खात्याला वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत देणारा हेरिटेज फंड मंजूर केलेला, म्हणजे राज्याच्या वाट्याला आणखी एक पाय. १९७३ च्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याचं सहावं कलम आहे, राज्याने केंद्राशी करार केला तर यादीतल्या प्रजातींसाठी अनुदान, तिथेही ७५-२५, आणि दोन किंवा जास्त राज्यं एकत्र आली तर केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत. जंगलाच्या जमिनीवरची चराई आवरायची आणि काठांना कुंपण घालायचं काम फॉरेस्ट सर्व्हिसकडे. ट्राउट अनलिमिटेड ही गरवणाऱ्यांचीच संस्था, त्यांचे लोक शनिवार-रविवारी येऊन कुंपण दुरुस्त करायचे, झाडं लावायचे.

आणि राखीव क्षेत्रात? तिथे केंद्राच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची स्वतःची माणसं. पाइनटॉपला त्यांचं मासे संवर्धनाचं ऑफिस आहे, ते लोक आदिवासी सरकारच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसांसोबत ओढ्यांवर काम करत. विल्यम्स क्रीक आणि अल्चेसे या केंद्राच्या दोन हॅचऱ्या तर राखीव क्षेत्रातच आहेत. म्हणजे जे अनुदान म्हणून देता येत नव्हतं ते पगारी माणसांच्या रूपात दिलं गेलं असं म्हणा. २००० नंतर आदिवासी सरकारांसाठी वेगळं वन्यजीव अनुदान सुरू झालं, त्यात राज्यासारखा २५ टक्के वाटा घालायची सक्ती नाही, ही चांगली गोष्ट. पण ते स्पर्धेतून मिळतं, देशभरातल्या आदिवासी राष्ट्रांनी अर्ज करायचे, बरीच वर्षं एका प्रकल्पाला जास्तीत जास्त दोन लाख डॉलर, आणि पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. एकाला ठरलेला पगार आणि दुसऱ्याला दरवर्षी इंटरव्ह्यू. काम मात्र एकाच नदीवर.

आता प्रत्यक्ष काम काय होतं ते बघू, कारण पैसा कशात जातो हे कळल्याशिवाय सातत्य का लागतं ते कळत नाही.

उगमाकडचा एखादा ओढा निवडायचा. त्याच्या खालच्या बाजूला असा बंधारा घालायचा की खालून येणारा ब्राउन किंवा रेनबो उडी मारून वर चढू शकणार नाही. पाणी अडवायला नाही, मासा अडवायला. मग वरच्या पट्ट्यात शुद्ध मासे असतील तर पाण्यात विजेचा हलका प्रवाह सोडून, गुंगी आणून ते पकडून बाजूला ठेवायचे. नंतर रोटेनोनसारखं औषध ओढ्यात सोडायचं, जे कल्ल्यांवाटे शरीरात जातं आणि ऑक्सिजन वापरणंच बंद पाडतं, आणि खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट टाकून त्याचा परिणाम संपवायचा म्हणजे पुढे नदीत मासे मरणार नाहीत. मग थांबायचं. परत तपासायचं. अलीकडे तर पाण्याचा नमुना घेऊन त्यात ब्रूक ट्राउटचा डीएनए सापडतो का ते बघतात, एक मासा राहिला असेल तरी सुगावा लागू शकतो. सगळं स्वच्छ निघालं की मग शुद्ध मासे आणून सोडायचे, आणि पुन्हा काही वर्षं मोजत बसायचं.

ऐकायला सोपं आहे. सुरुवातीचे बरेच बंधारे गॅबियनचे होते, म्हणजे तारेच्या जाळीत दगड, आपल्याकडे पाणलोटात असतात तेच. बर्फ वितळून पूर आला की ते बाजूने खचतात, दगडांमधून फट पडते, आणि ब्राउन ट्राउट वर. की सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. मग परत औषध, परत मोजणी. काही ठिकाणी हे चक्र पुन्हा पुन्हा झालं, आणि शेवटी सिमेंट काँक्रीटचे पक्के बंधारे घालावे लागले. शिवाय एखादा हौशी माणूस बादलीत चार मासे घेऊन वर नेऊन सोडतो, तिथेही पुन्हा पहिल्यापासून. २०११ साली वॉलो फायर नावाचा वणवा लागला, कुणाच्या तरी नीट न विझवलेल्या कॅम्पच्या शेकोटीमुळे, ५ लाख ३८ हजार एकर जळलं, ॲरिझोनाच्या इतिहासातला सर्वात मोठा वणवा. आग विझली आणि पावसाळ्यात राख ओढ्यांत उतरली. वणव्यानंतरच्या राखेच्या पुरात पाणी काळं होऊन मासे गुदमरतात, आणि बंधारा घालून वेगळा केलेला ओढा असेल तर पळायलाही वाट नसते.

आता विचार करा, तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये हे बसतं का. पहिल्या वर्षी परवानग्या आणि बंधारा, दुसऱ्या वर्षी औषध, तिसऱ्या वर्षी मासे सोडले, फोटो काढला, फायनल रिपोर्ट. पाचव्या वर्षी बंधारा खचला तेव्हा रिपोर्ट लिहिणारा दुसऱ्या संस्थेत. इथे तसं झालं नाही कारण बंधारा खचला त्या वर्षीही खात्यात पैसा येत होता. या प्रकरणातलं माझ्या मते खरं इंजिन हेच, बाकी विज्ञान, हॅचरी, डीएनए वगैरे सगळं त्याच्यावर चालतं.

दुसरी एक गोष्ट जिला कमी श्रेय मिळतं. १९७५ साली या माशाला "अतिधोक्यातला" यातून "धोक्यातला" या खालच्या वर्गात आणलं, आणि तसं केल्यावर कायद्याने एक खास नियम करता आला, की राज्य आपल्या नियमांनुसार हा मासा गरवायला परवानगी देऊ शकेल. निसर्गसंरक्षणवाल्यांपैकी अनेकांना हे विचित्र वाटेल, यादीतला मासा आणि वर गरवायचा? पण हॅचरीत वाढवलेले अपाची ट्राउट निवडक ठिकाणी सोडले, लोक ते गरवायला आले, त्यासाठी लायसन्स काढलं, रॉड घेतला, आणि पैसा फिरून त्याच माशाकडे आला. आदिवासी सरकारनेही ख्रिसमस ट्री लेकसारख्या तलावांवर खास परमिट ठेवलं. १९८६ साली तो ॲरिझोनाचा राज्य मासा झाला. राज्याने या खोऱ्यांत हळूहळू रेनबो कमी करून त्या जागी अपाची सोडायला सुरुवात केली, आणि जिथे रेनबो सोडायचाच तिथे वांझ केलेला, म्हणजे संकर होणार नाही. बंदी घातली असती तर माझ्या अंदाजाने मासा यादीत सुखाने पडून राहिला असता आणि कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. हे प्रत्येक प्राण्याला लागू होत नाही हे उघड आहे, वाघाचं असं करता येत नाही. पण माशाच्या बाबतीत गरवून परत सोडणं शक्य असतं, तेवढी लवचिकता कायद्यात असावी.

इथे लोणावळ्याची आठवण येतेच. टाटांच्या वळवणच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते, चांगलं काम आहे, निळ्या पराचा महसीर त्यामुळे खूप ठिकाणी पोचला. पण तिथली बोटुकली कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की कावेरीतला मूळचा कुबडा महसीर, जो जगात फक्त त्या नदीच्या खोऱ्यात आहे, तो घटत गेला आणि त्याची जागा या बाहेरून आलेल्याने घेतली. आज कुबडा महसीर अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याचं शास्त्रीय नाव नक्की कोणतं हेही ठरलं २०१८ मध्ये. हेतू चांगला, मासाही चांगला, नदी चुकीची. ॲरिझोनात रेनबोने केलं ते हेच. फरक एवढाच की तिथे चूक दुरुस्त करायला दरवर्षी येणारा पैसा होता. आपल्याकडे गरवणाऱ्यांचा असा गल्लाच नाही, महसीरसाठी जे काही झालं ते कंपनीच्या इच्छेवर किंवा एखाद्या प्रकल्पावर.

तर शेवटी मासा सावरला. मासा सावरण्याच्या सुधारित आराखड्यात उद्दिष्ट होतं मूळ क्षेत्रात माशांच्या ३० स्वतंत्र, शुद्ध, आपली आपण टिकणाऱ्या वस्त्यांचं, आणि संख्या तिशीच्या घरात पोचली. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रस्ताव आला, वर्षभराने अंतिम निर्णय. काही संस्थांनी आणि अभ्यासकांनी घाई होतेय असंही म्हटलं, वणवे वाढतायत, पाणी तापतंय, आणि यातल्या कितीतरी वस्त्या छोट्या नि एकमेकींपासून तुटलेल्या आहेत. तो आक्षेप मला पटतो, अर्धा. कारण बंधारा हा दुधारी आहे, परका मासा खाली थांबतो पण आपलाही वर कोंडला जातो, छोट्या वस्तीत आपसात वीण होते, आणि एका राखेच्या पुरात सगळी वस्ती जाऊ शकते. म्हणून आता काम उलट्या दिशेने चाललंय, वरचे काही अडथळे आणि रस्त्याखालच्या चुकीच्या मोऱ्या काढून ओढे एकमेकांना जोडायचे आणि संरक्षणाचा एकच पक्का बंधारा खूप खाली न्यायचा. राखीव क्षेत्रात यासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यातून पन्नासेक लाख डॉलर मिळाले, पन्नासेक मैलांचे ओढे जोडायला. बघा, आदिवासी जमिनीवर एवढी मोठी रक्कम थेट आली ती एका एकदाच झालेल्या बिलातून, नेहमीच्या फॉर्म्युल्यातून नाहीच.

यादीतून बाहेर पडल्याचा एक परिणाम कुणी मोठ्याने बोलत नाही, सहाव्या कलमाचा पैसा यादीतल्या प्रजातींसाठी असतो. मासा बाहेर, तर तोही हळूहळू बाहेर. किमान पाच वर्षं देखरेख ठेवायचं बंधन आहे, आणि राज्य, आदिवासी सरकार, फॉरेस्ट सर्व्हिस, केंद्राचं खातं आणि ट्राउट अनलिमिटेड यांनी मिळून सहकारी व्यवस्थापनाचा करार करून ठेवलाय, की बंधारे सांभाळायचे, परके मासे काढायचे, हे चालूच राहील. कारण सगळ्यांना माहिती आहे, बंधारे सोडून दिले तर काही वर्षांत परत तीच अवस्था. राज्याकडे रॉडवरचा कर येतच राहणार, त्यामुळे त्यांच्या बाजूच्या ओढ्यांची मला फार काळजी वाटत नाही.

राखीव क्षेत्राची वाटते. हे भोक बुजवणारं एक बिल आलं होतं, रिकव्हरिंग अमेरिकाज वाइल्डलाइफ ॲक्ट, त्यात राज्यांना वर्षाला १.३ अब्ज डॉलर आणि आदिवासी राष्ट्रांना वेगळे ९ कोटी ७५ लाख डॉलर, दरवर्षी, अर्जांच्या स्पर्धेवर अवलंबून न राहता मिळतील अशी सोय होती. जून २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात ते पास झालं, दोन्ही पक्षांची मतं पडली. पैसा कुठून आणायचा यावर सिनेटमध्ये अडलं आणि त्या वर्षाअखेर मुदत संपून ते रद्द झालं. पुढच्या संसदेत पुन्हा मांडलं, तेव्हाही पास झालं नाही.